गोठ्यात वाळत घातलेले पंचे

"ज्यांना लघवीचा त्रास असेल त्यांनी हात वर करावा."

हे वाक्य मी देवळाच्या मंडपात, देवीच्या पुढ्यात, चौसष्ट म्हाताऱ्या माणसांसमोर, खणखणीत आवाजात म्हटलेलं आहे. माझं वय तेवीस होतं. नोकरीला लागून आठ महिने झाले होते. अंगावर कडक इस्त्रीची पांढरी साडी, हातात फॉर्मचा गठ्ठा आणि डोक्यात एवढी हुशारी की ती कुठे ठेवावी हे कळत नसे.

हात एकही वर आला नाही. मी फॉर्मवर 'नाही' असं चौसष्ट वेळा लिहिलं आणि मोकळी झाले.

हे पेडणे तालुक्यातलं गाव. मोरजीपासून फार लांब नाही. नाव सांगत नाही, कारण तिथे अजून माझी ओळख आहे आणि ती मला टिकवायची आहे. गोवा मुक्त होऊन वीसेक वर्षं झाली होती. मी डिचोलीकडची, सर्वणची. ड्युटी मिळाली ती इथल्या सबसेंटरला. सबसेंटर म्हणजे भाड्याने घेतलेलं दोन खोल्यांचं घर. एक टेबल, दोन कदेलां म्हणजे खुर्च्या, औषधांचं कपाट आणि मी. डॉक्टर मोठ्या हेल्थ सेंटरमध्ये बसत आणि दर बुधवारी आमच्याकडे येत.

वरून हुकूम आला की साठीच्या वरच्या माणसांची पाहणी करा. दिसतं का, ऐकू येतं का, सांधे दुखतात का. शेवटी एक ओळ होती, 'लघवीसंबंधी तक्रार, आहे किंवा नाही.' घरोघर जाऊन विचारायचं, असं सूचनेत स्पष्ट लिहिलेलं. पण घरोघर म्हणजे चढ-उतार, कुत्री, आणि प्रत्येक घरी चहा. त्यापेक्षा सगळ्यांना एका दुपारी मंडपात बोलावलं की काम फत्ते. ही माझी कल्पना. त्या वेळी मला ती फार मोठी वाटली होती.

त्या दुपारी आणखी एक गोष्ट घडली, ती सांगायला हवी. मी बोलत असताना माणसं सारखी उठत होती. कोणी मंडपाबाहेर जाई, वडाच्या मागे दिसेनासं होई, थोड्या वेळाने परत येऊन बसे. एक म्हातारी दोनदा गेली. देवळात भजनं म्हणणारे सोनूबुवा, म्हणजे गावचे मुख्य गायक, तीनदा. मला राग आला. सरकारी पाहणी चालू आहे आणि यांना एका जागी बसवत नाही. माझ्या डायरीत मी लिहिलं, 'वृद्धांचे लक्ष लागत नाही.'

डायरी अजून आहे. नातीला दाखवली तर ती हसून हसून पोट धरते. मीही हसते, पण आता हसताना जपून.

फॉर्म घेऊन हेल्थ सेंटरला गेले. डॉक्टरांनी आकडे बघितले.

"लघवीच्या तक्रारी शून्य?"

"शून्य, सर."

"चौसष्टांत?"

"गावचं पाणी चांगलं आहे, सर."

"मग मी तिथेच घर बांधतो," डॉक्टर म्हणाले. "विचारलंत कसं?"

मी मंडपाची हकिकत अभिमानाने सांगितली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. महिनाअखेर होती, रिपोर्ट वर जायचा होता. तो गेला.

मग सप्ताहाचे दिवस जवळ आले. आमच्याकडे भजनी सप्ताह म्हणजे सात दिवस देवळात अखंड भजन. टाळ थांबता कामा नये. एकेका वाड्याला, म्हणजे वस्तीला, तीन-तीन तासांचा पाहर वाटून दिलेला असतो. आपला पाहर संपेपर्यंत आणि दुसऱ्या वाड्याची माणसं बसेपर्यंत जागचं हलायचं नाही. टाळकरी दहा असतात, एखादा उठला तर चालून जातं. पखवाजवाला एकच. तो उठला की सगळंच थांबलं.

आमच्या वाड्याचा पखवाज तीस वर्षं रघुआबा वाजवत होते. बारीक अंगाचे, सत्तरीच्या आसपासचे गृहस्थ. बोलणं कमी. त्या वर्षी त्यांनी देवस्थानाला निरोप पाठवला की आपण पाहराला बसणार नाही. कारणही कळवलं. मागच्या सप्ताहात मानाचा नारळ आधी सोनूबुवांच्या हातात दिला, मग आपल्या. हा अपमान आहे.

आता मानाचा नारळ म्हणजे साधी गोष्ट नव्हे. कोणाला आधी, कोणाला मागाहून, यावरून भावाभावांत बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय. गावात दोन तट पडले. सकाळी पाववाला पादेर सायकलवरून उंडे, म्हणजे गोल पाव, घेऊन आला की बायका उंडे घेता घेता तेच बोलत. निम्म्या म्हणत, आबांचं बरोबर. निम्म्या म्हणत, म्हातारपणी चळ लागला. आबा आणि सोनूबुवा पोरवयापासूनचे जोडीदार, पण रस्त्यात समोर आले तर एकजण माडाकडे बघे, दुसरा ढगाकडे.

मला त्या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं. मी आबांच्या घरी गेले ती विहिरीत औषध टाकायला. विहीर मागच्या बाजूला, गोठ्याला लागून. घरात माणसं दोनच, आबा आणि त्यांची बायको तुळसाकाकी. मुलगा मुंबईला. गोठ्यात गाय एक आणि वासरू एक.

ऊन असं की अंगणात पापड भाजला असता. आणि गोठ्याच्या अंधारात, गाईच्या डोक्यावर, दोरीवर पाच पंचे वाळत घातलेले. त्याच्या पलीकडे जुन्या लुगड्याचे दोन-तीन धडपे.

मी तुळसाकाकींना जवळ बोलावलं आणि लेक्चर दिलं.

"काकी, कपडे नेहमी उन्हात वाळवावेत. उन्हाने रोगजंतू मरतात. गोठ्यात शेणातले जंतू असतात. अंगणात एवढं छान ऊन पडलंय ते वाया घालवता?"

"बरां, बाय," काकी म्हणाल्या.

एवढंच. मी खूश होऊन निघाले. आरोग्यशिक्षण झालं म्हणून रजिस्टरात नोंद केली.

शनिवारी मीटिंग असायची. चहाच्या वेळी मी ही गोष्ट गंमत म्हणून डॉक्टरांना सांगितली. लोकांना साधं कपडे वाळवणंसुद्धा शिकवावं लागतं, अशा सुरात. डॉक्टरांनी कप खाली ठेवला.

"पंचे किती होते?"

"पाच."

"घरात पुरुष किती?"

"एकच. आबा."

"वय?"

"सत्तर असेल."

"एक म्हातारा माणूस दिवसाला पाच पंचे धुवायला काढतो आणि त्याची बायको ते गोठ्यात लपवून वाळवते," डॉक्टर म्हणाले. "सिस्टर, तुमचा शून्य मला पहिल्या दिवसापासून पचलेला नाही."

मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी एक गाठीसारखी ग्रंथी असते, प्रोस्टेट म्हणतात. वय झालं की ती वाढते आणि लघवीची वाट आवळते. आधी सारखं उठावं लागतं, धार बारीक होते, झाली तरी पुरी झाली असं वाटत नाही. पुढे पुढे मूत्राशय रिकामंच होत नाही. पाण्याची टाकी भरली आणि खालचा नळ गंजून अडकला, की टाकी वरून गळायला लागते. तसं ते कपड्यात गळतं. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला लघवी फार होते. खरं म्हणजे त्याला ती होतच नसते.

"आणि तसंच राहिलं तर?"

"तर पाणी उलटं वर तुंबतं. किडन्या जातात. कोणाला कळत नाही, माणूस वाळत जातो. बुधवारी मी येतोय. त्यांना टेबलावर आणणं तुमचं काम."

मी उठले.

"आणि सिस्टर," ते म्हणाले, "हात वर करायला सांगू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आबांच्या घरी पुढच्या दारातून न जाता मागून गेले. काकी गोठ्यात गाईला पेंड घालत होत्या. दोरीवर पंचे होते. मी तिथल्याच पाटावर बसले. म्हटलं, "काकी, परवा मी मूर्खासारखं बोलले. पंचे इथेच बरे."

काकींनी माझ्याकडे बघितलं. पेंडीचं टोपलं खाली ठेवलं.

"तुका कोणी सांगल्यान?"

"कोणी नाही. डॉक्टरांना पंच्यांवरून कळलं."

"पंच्यांवरून," त्या म्हणाल्या आणि थोडा वेळ गाईची मान खाजवत राहिल्या. मग सावकाश बोलायला लागल्या. "नारळाची गजाल खोटी गो, बाय. ह्येंनी कधी नारळाकडे बघूक नाय. तीन तास बसूचा लागता. मध्येच उठूचा लागला तर? आणि थयच जाला तर? देवीच्या पुढ्यात? म्हणान त्यांनी तो नारळ काढल्यानी. रुसललो म्हटल्यार लोक रागावतत. पण हासणत नाय."

मी टोपल्यातली पेंड गाईपुढे सरकवली.

"आता पाणीय पियनत नाय. सकाळचो कपभर चाय, मगे रात्री पेज. जीभ सुकान गेली. पखवाज रोज खाली काढतत, पुसतत आणि परत वर ठेयतत."

मला मंडप आठवला. त्या दिवशी आबा तिसऱ्या रांगेत, खांबाला टेकून बसले होते. त्यांच्या शेजारी काकी होत्या. दोघांच्या 'नाही'वर माझी सही होती.

"डॉक्टरांना दाखवायला आबा तयार होतील का?"

"तू विचार. माझ्यान जावचां नाय. मी काढलंय तो विषय, तर दोन दीस जेवणत नाय."

आबा पुढे सोप्यावर बसले होते. मांडीवर पखवाज, हातात ओलं फडकं. मला बघून त्यांनी पंचा सारखा केला. मी विषयाला हातच घातला नाही. पखवाजाबद्दल विचारलं. डाव्या तोंडावर ओली कणीक थापतात ती कशासाठी?

"बोदो, जाड आवाज येवक," आबा म्हणाले. वाद्याचं विचारलं की ते बोलत. "कणीक नाय लायली तर नुसतो पोकळ वाजता. ज्यादा लायली तर मुको."

"आमचे डॉक्टरपण तेच करतात."

"काय करतत?"

"पोट वाजवतात. एक बोट पोटावर ठेवायचं, दुसऱ्याने त्यावर ठोकायचं. आत हवा असेल तर पोकळ आवाज, पाणी असेल तर बोदा. नुसत्या आवाजावरून सांगतात, कुठपर्यंत पाणी आहे."

आबांनी फडकं बाजूला ठेवलं.

"खराच वाजयतत?"

"बुधवारी येणार आहेत. पण त्यांचा कान तुमच्यासारखा नाही. तुम्ही असलात तर बरं."

आबांनी पखवाज मांडीवरून खाली ठेवला. ते काही लहान पोर नव्हते. मी काय बोलते आहे ते त्यांना नीट कळलं होतं. मला त्यांच्याकडे कोणी पाठवलं, तेही.

"खंयच्या दारान येवचा?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. सबसेंटरचं टेबल पुढच्या खोलीत, रस्त्याकडे तोंड करून. जनेलाला, म्हणजे खिडकीला, पडदा नाही. दारात बाकड्यावर चार माणसं बसलेली. कोणी आत आलं की मी तिथूनच ओरडून विचारायची, "काय होतंय?" आणि बाकड्यावरचे चौघे उत्तर ऐकायचे. आठ महिने मी असं दुकान चालवत होते.

"मागच्या," मी म्हटलं.

मंगळवारी मी टेबल मागच्या खोलीत ओढलं. माझी एक जुनी साडी फाडून दोन पडदे शिवले, एक जनेलाला, एक दाराला. मागच्या दाराकडे जाणाऱ्या वाटेवरचं गवत कापून घेतलं.

बुधवारी दुपारी, लोक जेवून आडवे झाले असताना, आबा आणि काकी माडांमधून आले. आबा टेबलावर आडवे झाले. डॉक्टरांनी पोट उघडं केलं आणि वरून ठोकायला सुरुवात केली. टक, टक. पोकळ आवाज. खाली सरकले. बेंबीपाशी आले आणि आवाज एकदम बदलला.

आबांनी मान उचलली.

"थांबा. परत वाजया."

डॉक्टरांनी परत वाजवलं. वर पोकळ, खाली मुका.

"हय कणीक ज्यादा जाली," आबा म्हणाले.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी आबांचा हात धरून त्यांच्याच पोटावर ठेवला. "हे मूत्राशय. एरवी हे हाताला लागायलासुद्धा नको. आता बघा, बेंबीपर्यंत आलंय. सोललेल्या नारळाएवढं."

आबांनी हाताने चाचपून बघितलं. मग काकींकडे बघून म्हणाले, "मानाचो नारळ माझ्याच पोटात होतो मगे."

काकींनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत, मला सांगता यायचं नाही.

डॉक्टरांनी कॅथेटर घातला. कॅथेटर म्हणजे रबराची बारीक नळी, लघवीच्या वाटेने आत सरकवतात. ते काम डॉक्टरांचं. मी ट्रे धरून उभी होते आणि बघत होते पडद्याच्या फुलांकडे. एकदम सगळं बाहेर काढलं तर माणसाला चक्कर येते, म्हणून मध्ये मध्ये चिमटा लावून थांबायचं. पहिलं भांडं भरलं. दुसरं अर्ध्यावर आलं तेव्हा आबा झोपले. तिथेच, टेबलावर, तोंड उघडं टाकून. काकी म्हणाल्या, दोन वर्षांत त्यांना अशी झोप लागलेली बघितली नव्हती.

पुढचं काम मोठ्या हॉस्पिटलचं होतं, म्हापशाला. चोपड्याला फेरीबोटीतून नदी ओलांडून पलीकडे बस. नळीला जोडलेली पिशवी काकींनी बाजाराच्या पिशवीत ठेवली आणि वरून उंड्यांचं कागदात बांधलेलं पुडकं. फेरीत ओळखीचा एकजण भेटला. त्याने विचारलं, "काकी, बाजारात जातानाच पिशवी भरलेली?" काकी शांतपणे म्हणाल्या, "वाटेत भूक लागता." मी नदीकडे तोंड फिरवलं.

ऑपरेशन झालं. तीन आठवड्यांनी आबा घरी आले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोन महिने जड उचलायचं नाही, मांडी घालून बसायचं नाही. म्हणजे त्या वर्षीचा सप्ताह गेला. पखवाजाला शेजारच्या वाड्यावरून माणूस आणला. गावाला वाटलं, आबांचा रुसवा पक्का झाला.

मी एक दिवसाआड त्यांच्या घरी जाई, मागच्या दाराने. जखम बघायची, पाणी किती प्यायले विचारायचं आणि काकींच्या हातचा चहा प्यायचा. सप्ताहात आमच्या वाड्याच्या पाहराला मी तिथेच होते. देवळाचा भोंगा घरापर्यंत ऐकू येई. आबा खाटेवर उशीला टेकून ऐकत होते, बोटं पांघरुणावर चालत होती. पहिला तास बरा गेला. दुसऱ्या तासाला त्यांची बोटं थांबली.

"सोनू धावता," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"लय पळयता. गेलीं दोन वर्सां असोच पळता. माका वाटायचां, माझ्यावर राग म्हणान करता. मीय रागानच वाजयलंय." ते परत ऐकत राहिले. "तो रागान नाय पळणा. त्याका भायर जावचां आसा."

मंडपातून तीनदा उठलेले सोनूबुवा माझ्या डोळ्यांसमोर आले.

"बाय, तू जा त्याच्याकडे," आबा म्हणाले. "मागच्या दारान."

सप्ताह संपल्यावर गेले. सोनूबुवा परसात शेवग्याच्या शेंगा काढत होते. मी म्हटलं, "बुवा, बुधवारी दुपारी डॉक्टर येतात. मागचं दार उघडं असतं."

"माका काय जाला नाय. तुका कोणी सांगल्यान?"

"तुमची लय पळते."

सोनूबुवांच्या हातातली काठी खाली आली.

"ह्यां रघून सांगल्यान," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणाक कळूचां नाय."

बुधवारी ते आले. त्यांचं आबांएवढं वाढलेलं नव्हतं. दिवसभर पाणी नीट प्या, पण पाहराच्या आधी दोन तास थांबा, बसण्याआधी सावकाश जाऊन या, असं काही काही डॉक्टरांनी सांगितलं आणि पुढच्या तपासणीला चिठ्ठी दिली. त्याच संध्याकाळी बुवा आबांच्या घरी गेले. दोघे काय बोलले मला माहीत नाही. काकी म्हणाल्या, चहा दोनदा केला आणि नारळाचं नाव कोणी काढलं नाही.

मग मी पाहणी पुन्हा केली. या वेळी चढ-उतार, कुत्री, प्रत्येक घरी चहा, सगळं. माणसाला एकटं गाठायचं, मागच्या परसात, विहिरीवर, चुलीपुढे. आणि त्रास आहे का, हे विचारायचंच नाही. त्याला उत्तर ठरलेलं असतं. मी विचारायची, "हल्ली कुठे जायचं बंद केलंत?" मग माणसं बोलू लागत. कोणी म्हापशाच्या बाजाराला जाणं सोडलं होतं, बसमध्ये धीर धरवत नाही म्हणून. कोणी लेकीकडे राहायला जात नव्हतं, तिथे संडास लांब म्हणून. बायका तर किती. सात-आठ बाळंतपणं झाली की मूत्राशयाला खालून धरणारे स्नायू सैल पडतात. खोकलं, शिंकलं, हंडा उचलला की थोडी गळते. एकीने फुगडी सोडली होती. एकीने हसणं. त्यांना मी ते स्नायू आवळून धरायचा व्यायाम शिकवला, चुलीपुढे बसल्या बसल्या करण्यासारखा. एक आजी दोन दिवस असंबद्ध बोलत होती. घरचे देवळात प्रसाद लावून, म्हणजे कौल घेऊन, देवीला विचारायला निघाले होते. लघवी तपासली तर इन्फेक्शन. म्हाताऱ्या माणसाला कधी कधी ताप येत नाही, नुसता भ्रम होतो.

नवा रिपोर्ट वर गेला. शून्याच्या जागी एकतीस. वरून चौकशी आली, दोन महिन्यांत एवढ्या तक्रारी कशा, गावात साथ आहे काय. डॉक्टरांनी खाली उत्तर लिहिलं, 'साथ नाही. सिस्टर त्याच. दार बदलले.'

पुढच्या सप्ताहाला आबा बसले. शेजारी सोनूबुवा. देवस्थानाने त्या वर्षीपासून पाहराला दोन पखवाजवाले ठेवायचं ठरवलं. कारण कोणी विचारलं नाही. मी बायकांच्या बाजूला बसून तीन तास ऐकलं. लय पळाली नाही.

या नोकरीतून मी एवढंच शिकले. माणूस खोटं बोलतो तेव्हा बहुतेक वेळा प्रश्न चुकीच्या जागी विचारलेला असतो. आता मी स्वतः बसमध्ये दाराजवळची सीट शोधते. तपासणीला गेले की पोरगेल्या नर्स बाहेरूनच ओरडून विचारतात, "आजी, काय होतंय?" मी सांगते, "काय नाय."

पण तेव्हा मला वाटलं होतं की मी सगळं शिकले. आबा पाहराला बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी भरलेलं रजिस्टर घेऊन, मिरवत, तुळसाकाकींकडे गेले. गावातलं एकही घर सोडलं नव्हतं. त्यांच्या घराचं पान तर सगळ्यात आधी भरलेलं, आबांच्या नावाने. अंगणात उन्हात दोन पंचे वाळत होते. ते बघून मला फार बरं वाटलं. चहा घ्यायला गोठ्यात गेले. काकी गाईपाशी बसल्या होत्या. वर दोरीवर जुन्या लुगड्याचे तीन धडपे होते, ओले.

"काकी, आता काय लपवायचंय?" मी म्हटलं. "हेपण उन्हात घाला की."

काकींनी माझ्या हातात कप दिला आणि म्हणाल्या, "बाय, गावभर मागच्या दारान फिरलंस. हय तर वरीसभर येवन बसतंस. माका कधी विचारतलंस?"